बाबांचा डोळा आणि तुरेवालीचे एकवीस दिवस

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, आधी तुमच्याशी बोलते. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली आहे, गुरुवार, ११ डिसेंबर. परस्पर घेतली, कबूल. पण विचारलं असतं तर 'तुरेवाली कोंबडी खुडूक झालीय, अंड्यांवर बसायला आलीय, पिल्लं निघू देत, मग बघू' हेच ऐकलं असतं. पिल्लांमागून मोहोर, मोहोरामागून फवारणी. फोनवर तुमचा आवाज उतरला तो कळला मला. म्हणून हिशेब मांडते, रागावू नका.

तुरेवालीला रविवारी, २३ नोव्हेंबरला रात्री बसवायची. सातवा दिवस ३० नोव्हेंबर, चौदावा ७ डिसेंबर, एकविसावा १४ डिसेंबर, तिन्ही रविवारच. जे बघायचं-निवडायचं ते पहिल्या चौदा दिवसांत. अठरावा उजाडला की अंड्यांना हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच ना? तो अठरावा दिवस मी दवाखान्याला दिलाय. तुमचं एकही काम बुडत नाही. मी बुधवारी सकाळी पोचते.

आई, तुला वाकायला नको म्हणून हारा, ती मोठी टोपली, पडवीतल्या बाकावर, कोपऱ्यात ठेव. काठ वीतभर तरी उंच हवेत, नाहीतर पिल्लं घरंगळतील. तळाला चार बोटं कोरडी वाळू, वर पेंढा, मधे बशीसारखा खोलगट. खळगा जास्त खोल झाला तर अंडी एकावर एक चढून तडकतात. पेंढ्यात वाळलेला कडुलिंब घाल आणि तुरेवालीच्या पंखांखाली चुलीची राख चोळ. अंगात उवा असलेली कोंबडी टिकत नाही, दहाव्या-बाराव्या दिवशी उठून जाते. माळ्यावरचा तो जुना पावडरचा डबा मात्र काढू नकोस, त्याचं विष पिल्लांना बाधेल.

खरी अंडी लगेच नकोत. शुक्रवारी रात्री, अंधार पडल्यावर तिला खुराड्यातून उचलून हाऱ्यात ठेव आणि खाली दोन गुळगुळीत गोटे दे. उजेडी हलवलं की तिचा बसायचा नाद सुटतो. दोन रात्री फुगून बसली, हात पुढे केल्यावर टोचायला आली, पोटाखाली पिसं उपटून कातडी उघडी दिसली, तर ती पक्की. मग रविवारी गोटे काढून सगळी अंडी एकदम ठेव. रोज एकेक वाढवलंस तर पिल्लंही मागेपुढे निघतील, आणि पहिली चालायला लागली की ती मागच्या अंड्यांना तशीच टाकून उठेल.

अंडी अकराच. बाबा पंधरा म्हणतील, ऐकू नकोस. कोंबडी कडेची अंडी मधे आणि मधली कडेला सारखी फिरवत असते. जास्त झाली की गारठायची पाळी प्रत्येकावर येते, म्हणजे चार नव्हे, सगळीच धोक्यात. शेजारच्या गिरिराजाची अंडीही नकोत. ती मोठी, आठ-नऊच मावतील, आणि त्या संकरित जातीची पिल्लं पुढे आईबापासारखी निघत नाहीत. आपली गावठीच घे, आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली, फ्रीजमधली नव्हेत. मळकं अंडं धुऊ नकोस, वेगळं काढ. धुतलं की वरचा पातळ थर जातो आणि घाण आत शिरते. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली कर. दुसरी कोंबडी येऊन घालून गेली तर बिनफुलीचं लगेच कळतं.

रोज एकदा ती उठलीच पाहिजे, वीसेक मिनिटं. नाही उठली तर दोन्ही हातांनी अलगद उचल, पण आधी पंखाखाली चाचपून बघ, अंडं अडकलेलं असतं. मका, भात, पाणी आणि लोळायला राख जवळच ठेव. तिची ती मोठी, उग्र वासाची विष्ठा बाहेर पडली म्हणजे ठीक. हाऱ्यात पडली तर तेवढा पेंढा बदल.

सातव्या रात्री बाबा टॉर्च धरतील. लहानपणी मला मांडीवर घेऊन 'बघ, आत कोळी बसलाय' म्हणायचे ना, तसंच. जाड टोकाला टॉर्च लावून मूठ आवळली की कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा आणि मधे हलणारा काळा ठिपका. आरपार नितळ दिसलं तर फळलेलंच नाही, नुसतं लाल कडं दिसलं तर आत मेलंय. दोन्ही काढून टाक. राहिलं आणि कुजून फुटलं तर बाकीच्यांवर घाण उडते. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा. बाबा, डोळ्यांवर धुकं असलं तरी हे दिसेल तुम्हाला. नाही दिसलं तर आईला टॉर्च द्या, हट्ट नको.

विसाव्या दिवशी आतून कवचाला टोच पडेल. तिथून बाहेर यायला अख्खा दिवसही लागतो, कवच सोलायचं नाही. आतल्या शिरा सुकलेल्या नसतात, बलक पोटात गेलेला नसतो. घाईने सोडवलेलं पिल्लू रक्त जाऊन मरतं. आपणहून निघालेलं पिल्लू त्याच बलकावर दीड-दोन दिवस निभावतं, म्हणून लगेच चाऱ्याची धांदल नको. मग कणी आणि बशीत पाणी, बशीत खडे टाकून, बुडायला नको. हारा मी खाली उतरवीन. पिल्लं सात दिवसांची झाली की मानमोडीच्या (राणीखेत रोगाच्या) लसीचा थेंबही मी घालून जाईन. लस बर्फातून आणावी लागते, आणि एक कुपी शंभर पिल्लांना पुरते, वाडीतल्यांनाही सांगून ठेव.

बाबा, ऑपरेशननंतर वाकायचं नाही, राख-पेंढ्याच्या धुळीत जायचं नाही, खुराड्याकडे तर फिरकायचंही नाही. डोळ्यात थेंब वेळेवर. तुमचा चहा, पेज, दुपारची झोप, सगळं घरीच आणि तसंच. एका रात्रीचा प्रश्न आहे.

पट्टी शुक्रवारी निघते. रविवारी पिल्लं तुम्हीच मोजा. खुर्चीत बसून, लांबून.

तुमची,
बाय