परदेशी कॉलेजांची तूट आणि आपले एक-चौदाचे उतारे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॅनडाने जानेवारी २०२४मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली, तेव्हापासून आपल्या मुलांचे कसे होणार याची चर्चा गोव्यात चालू आहे. ही मुले तिथल्या कॉलेजांना एवढी हवीहवीशी का झाली, हे मात्र पालकांना कोणी सांगत नाही. फोंड्यात बँकेत असताना मी शैक्षणिक कर्जाची प्रकरणे बघत असे, म्हणून हे पत्र.

ओंटारिओ प्रांताच्या सरकारने २०१९ साली स्थानिकांची फी दहा टक्क्यांनी उतरवली आणि पुढे ती वर्षानुवर्षे गोठवली. कॉलेजांनी ती तूट परदेशी मुलांकडून वसूल केली, त्यांची फी कित्येक पट. इंग्लंडमध्येही स्थानिक पदवीची फी २०१७पासून २०२५पर्यंत ९,२५० पौंडांवरच अडून राहिली आणि विद्यापीठे बाहेरच्या मुलांच्या पैशावर चालू लागली. मुले वाढली, त्या मानाने राहायच्या जागा वाढल्या नाहीत. घरभाडी चढली की बोट दाखवले जाते आपल्याच मुलांकडे. याचे मला फार वाईट वाटते. निर्णय तिथल्या सरकारांचे, बोल मात्र या पोरांना.

आता इकडचे. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते. टेबलावर आधी एजंटचा गुळगुळीत फोल्डर यायचा, आणि मग कापडी पिशवीतून निघायचा एक-चौदाचा, म्हणजे जमिनीचा, उतारा. प्रियोळकडच्या एका गृहस्थांच्या उताऱ्यावर तिघा भावांची नावे होती. दोघे धाकटे पुतणीसाठी सही करायला रजा टाकून आले होते. पुढे तिच्या भावाची तयारी चालू असतानाच, राहण्याच्या खर्चासाठी कॅनडा सरकारला दाखवायची रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ झाली. मग आईचे दागिनेही गहाण पडले.

एजंटने किती घेतले, असे मी त्यांना विचारले. “काही नाही, सगळे फुकट करून देतो,” म्हणाले. फुकट कसले? मुलाने प्रवेश घेतला की कॉलेज एजंटला कमिशन देते, आणि ते जाते मुलाच्या फीमधूनच. म्हणजे त्याच उताऱ्यावर काढलेल्या कर्जातून. अशा माणसाचा सल्ला निःपक्षपाती कसा असेल? नियम बदलले तरी त्याचे कमिशन पोचलेले असते. इथे मात्र व्याज पहिल्या दिवसापासून चढते, आणि शिक्षण संपून वर्ष झाले की नोकरी असो वा नसो, हप्ता सुरू होतो.

परदेशी प्रवेश करून देणाऱ्या प्रत्येक एजंटाची राज्य सरकारने नोंदणी करावी. कुठल्या कॉलेजकडून किती कमिशन मिळते, हे त्याने पालकांना सहीनिशी लिहून द्यावे. गोवा शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देते. त्या अर्जासोबत हा कागद सक्तीचा करावा, बँकांनीही तो फाइलला लावून घ्यावा. बारावीचा निकाल लागायच्या आत हे व्हायला हवे, नंतर फाइली येऊ लागल्या की विचारायला कोणाला वेळ नसतो.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, फोंडा