मंदारला, पिल्लांबद्दल आणि चावऱ्या थोरलीबद्दल

प्रिय मंदार,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो. तुझी बजीची (छोट्या पोपटाची) मादी आपल्याच पिल्लांची पिसं उपटून रक्त काढायला लागल्यावर तू पिल्लांना घरट्याच्या पेटीतून काढलंस, ते बरोबरच केलंस. आईबाप नीट भरवत असतील तर माणसाने मधे पडू नये, या मताचा मी पक्का आहे. पण इथे वाट बघून काहीच साधलं नसतं.

हाताने वाढवलेल्या थोरल्या बजीच्या चावण्याने तू वैतागला आहेस हे कळतं, तरी आधी धाकट्यांचं बोलू. त्यांचा जीव टांगणीला आहे. बजी एक दिवसाआड अंडं घालते आणि अंडं साधारण 18 दिवसांनी फुटतं. म्हणून तुझ्याकडे एकाचे डोळे अजून मिटलेले आणि दुसऱ्याला पिसांचे कोंब आलेले, असं दिसतंय. दोघांना लागणारी ऊब वेगळी. डोळे मिटलेल्याला 34-35 अंश, कोंबवाल्याला 30 च्या आसपास पुरे. खोक्याचा एक कोपरा जास्त उबदार ठेव. पिल्लू चोच उघडून धापा टाकत असेल तर उकडतंय, अंग चोरून थरथरत असेल तर गारठतंय.

भरवण्याची पावडर उकळून घेतलेल्या पाण्यात दर वेळी ताजी कालव, उरलेली टाकून दे. देताना ती 39-40 अंश हवी. बोटाच्या अंदाजावर जाऊ नकोस, थर्मामीटर बुडवून बघ. 43 च्या वर गेली तर गळ्याखालची अन्नपिशवी आतून भाजते, आणि गार असेल तर पचन अडतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र गरम करू नकोस, मधेच कढत गोळे राहतात. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने धर आणि टोक उजवीकडे ने, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाने उतरते. मान वरखाली हलवत ते मागायला लागलं की त्याच लयीत थोडं थोडं सोड. मागत नसताना ढकललेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मग फार काही हातात राहत नाही.

पिशवी भरली की पातळ कातडीतून पिवळसर फुगवटा दिसतो. रात्रभरात तो पूर्ण उतरला पाहिजे. सकाळीही पिशवी तशीच भरलेली लागली, तर वर आणखी घालू नकोस, सरळ पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे ने. आणि रोज पहिल्या घासाआधी वजन कर. पुरती वाढलेली बजीच 30-40 ग्रॅमची, तेव्हा एकेका ग्रॅमला किंमत आहे.

आता थोरली. ‘हाताने वाढवली तरी चावते’ असं तू लिहिलंस. अरे, त्यात तरीचं काही नाही. आईबापांकडे वाढलेली बजी हात दिसला की लांब उडते. हिला हाताची भीतीच नाही, म्हणून नको असेल तेव्हा ती उडून न जाता चोचीने सांगते. शिवाय पाय ठेवण्याआधी जागा पक्की आहे का हे बजी चोचीने चाचपते. ती बोटाला चोच लावते, तू दचकून हात ओढतोस, आणि बोट डळमळतं हे तिला कळतं. पुढच्या वेळी ती आणखी घट्ट धरते. तेव्हा बोट स्थिर ठेव.

खरा चावा येण्याआधी ती सांगते, तेवढं बघायला शीक. पिसं अंगाला चपटतात, ती एकदम लांबट दिसते, मान मागे जाते, चोच जराशी उघडते. तिथेच थांब. हात पुढे रेटू नकोस, झटक्याने मागेही घेऊ नकोस. ती पिसं सैल सोडून अंग झटकेल, मग राळ्याचं कणीस पुढे कर. चावलीच, तर ओरडणं, चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, यातलं काही नको. त्याने ती फक्त तुला घाबरायला शिकेल. गुपचूप दांडीवर ठेव आणि काही क्षण पाठ फिरव. फार वेळ दूर ठेवलंस तर कशामुळे ठेवलं हेच तिला कळत नाही.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ती डोकं खाजवताना चावते, एरवी नाही. वय तीन-चार महिने म्हणतोस, म्हणजे पहिली पिसगळ सुरू झाली असेल. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असतं, ते दाबले गेले की दुखतात. कपाळावरच्या काळ्या रेषा नाकापासून मागे सरकायला लागल्यात का, ते उजेडात बघ. तसं असेल तर डोक्याला हात लावणं थांबव, नुसती बोटावर बसू दे. रात्री दहा-बारा तास शांत अंधार मिळू दे, आणि पिंजऱ्यात पेटी किंवा अंधारा कोपरा ठेवू नकोस. मादी मोठी झाली की अशी जागा राखायला लागते आणि मग खरोखर कडाडून चावते.

धाकटी दाणे फोडायला लागली की त्यांना एकत्रच राहू दे. चोच किती जोराने लावायची हे भावंडं एकमेकांना आपल्यापेक्षा चांगलं शिकवतात.

सकाळची वजनं रोज कळव, विशेषतः डोळे मिटलेल्याचं. आणि थोरलीच्या कपाळाचा उजेडातला फोटो पाठव.

तुझा,
अभय