युरोपच्या सैन्यांची सावड

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

युरोपीय संघाच्या संरक्षणसिद्धतेविषयी आपल्याकडे येणाऱ्या बातम्यांत रकमा ठळक असतात. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या १५० अब्ज युरोंच्या कर्जयोजनेचेही तसेच झाले. रक्कम मोठी आहे हे खरेच. परंतु सत्तावीस देशांनी मिळून एखाद्या संकटाला तोंड द्यायचे, तर कोणाचे विमान कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या खर्चाने उडणार, हे आधी ठरावे लागते. युरोपचे घोडे गेली पंचवीस वर्षे नेमके तेथेच अडले आहे, आणि त्याची चर्चा मराठीत फारशी होत नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकी येथे युरोपीय नेत्यांनी साठ दिवसांत साठ हजारांपर्यंत सैनिक पाठवता येतील असे दल उभारण्याचे ठरवले. ते कागदावरून फारसे पुढे सरकले नाही. मग सुमारे १,५०० सैनिकांच्या लहान तुकड्यांची कल्पना आली. २००७ पासून अशा तुकड्या सहा-सहा महिन्यांच्या पाळीने सज्ज ठेवल्या जाऊ लागल्या, पण मोहिमेवर एकही कधी गेली नाही. सर्व देशांचे एकमत व्हावे लागते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते : सामाईक निधीतून खर्चाचा अगदी थोडा भाग भागतो आणि बाकीचा भार ज्याची पाळी असेल त्याच्याच डोक्यावर पडतो. आपल्या पाळीत संकट उद्भवू नये, असे मग कोणत्या अर्थमंत्र्याला वाटणार नाही? इच्छा असली तरी साधने असतातच असेही नाही. २००८ मध्ये आफ्रिकेतील चाड देशात पाठवलेल्या युरोपीय दलाला हेलिकॉप्टरे पुरेनात, तेव्हा ती अखेर रशियाने पुरवली.

याउलट जे सहकार्य यशस्वी झाले, ते रोजच्या कामातून वाढलेले आहे. नेदरलँड्समधील आइन्टहोव्हन येथे सप्टेंबर २०१० पासून युरोपीय हवाई वाहतूक कमान (कमांड, म्हणजे संयुक्त नियंत्रण केंद्र) चालते. आज सात देशांची लष्करी मालवाहू विमाने तेथून एकत्र नियोजनाने उडतात, त्यामुळे एका देशाचे विमान रिकामे परतत असताना दुसऱ्याने त्याच मार्गावर वेगळे विमान पाठवण्याची वेळ टळते. हिशेबाची पद्धत तर आपल्या शेतकऱ्याला सहज उमगेल अशी आहे. पैशांची देवघेव न करता उड्डाणाचे तास फेडले जातात, आणि त्यासाठी ‘सी-१३०’ या लष्करी मालवाहू विमानाचा एक तास हे माप धरलेले आहे. आपल्याकडे पेरणीला बैलजोडी आणि माणसे यांची सावड करतात, तीच ही रीत. फक्त येथे बैलांच्या जागी विमाने आहेत.

बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची आरमारे १९९६ पासून डेन हेल्डर येथील एकाच कमानीखाली आहेत. सुरुंगशोधक जहाजांची जबाबदारी बेल्जियमकडे, फ्रिगेट या युद्धनौकांची नेदरलँड्सकडे, अशी कामाची वाटणी आहे, आणि तरीही कोणते जहाज मोहिमेवर धाडायचे याचा निर्णय ज्याचे त्याचे सरकारच घेते. सार्वभौमत्व गमावण्याची भीती घालणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य पाहावे. नेदरलँड्सने २०११ मध्ये काटकसरीपायी आपले सगळे रणगाडे मोडीत काढायचे ठरवले, परंतु पुढे त्यांचे सैनिक जर्मनीतील संयुक्त रणगाडा पलटणीत काम करू लागले आणि विद्या टिकली. म्हणूनच २०२४ मध्ये स्वतःची रणगाडा पलटण पुन्हा उभारण्याचा निर्णय त्यांना कोऱ्या पाटीवरून घ्यावा लागला नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांतला कर्ता माणूस बोटीवर असतो. एडनच्या आखातात डिसेंबर २००८ पासून युरोपीय संघाची चाचेगिरीविरोधी ‘अटलांटा’ मोहीम गस्त घालते आहे, आणि भारतीय नौदलही त्याच पाण्यात आहे. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने ‘रुएन’ या बल्गेरियन मालकीच्या जहाजावरील सतरा खलाशांची सुटका केली आणि पस्तीस चाच्यांना मुंबईत आणले, तेव्हा युरोपातील कुटुंबांचा जीव जसा भांड्यात पडला असेल, तसाच युरोपीय जहाजांच्या गस्तीमुळे आमच्याकडील कुटुंबांचाही पडत आला आहे.

आता पाच हजार सैनिकांचे शीघ्र तैनाती दल उभारण्याचा निर्णय मार्च २०२२ मध्ये झालेला आहे. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये काबूल विमानतळावरून आपली माणसे बाहेर काढताना युरोपीय देश अमेरिकेवर किती अवलंबून आहेत, हे जगाने पाहिलेच होते. या दलाबद्दल लिहिताना सैनिकांच्या संख्येबरोबरच, मोहिमेचा खर्च सामाईक निधीतून होणार की पुन्हा पाळी असलेल्या देशाच्या माथी बसणार, हेही आपल्या प्रतिनिधींनी वाचकांना सांगावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, रत्नागिरी