जन्मदाखला कपाटातच राहू दे

सॉल्ट लेक सिटी, यूटा
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबा आणि आजीस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हे आधीच लिहिते, कारण आई पहिली ओळ वाचून पत्र बाबांच्या हातात देणार. जेवण, झोप, थंडी हे सगळं फोनवर सांगून झालंय. स्वेटर आहेत, दोन आहेत.

आई, टँकवर काय झालं म्हणून त्या दिवशी फोनवर तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला. दादाने तुला अर्धंच सांगितलं असणार, म्हणून पुरं लिहिते. आधी एक: काकांनी ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला ना, इथे पुरुष बायकांच्या संडासात घुसतात म्हणून, तसलं मी इथे चार वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. आणि मला कुणी हात लावला नाही, पोलीस आले नाहीत, व्हिसाचं काही बिघडलं नाही.

झालं एवढंच, की मी स्विमिंग टँकवर गेले होते. केस बारीक कापलेत, ते तुला आवडलेले नाहीत, माहितीये. इथलं पाणी जड आहे, मूठमूठ केस जात होते. त्यात सर्दीने आवाज बसलेला. कपडे बदलायच्या खोलीत एका बाईने माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि काउंटरवर जाऊन सांगितलं, आत पुरुष आहे. काउंटरवरची पोरगी आली, कॉलेजातली असेल. माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली. "तुम्ही बरोबर खोलीत आहात ना?" म्हणाली. मी टॉवेल गुंडाळून बॅगेतून ड्रायव्हिंग लायसन्स काढून दिलं. तिने ते उलटसुलट करून बघितलं. काय बघायचं हे तिलाही माहीत नव्हतं. सॉरी म्हणाली आणि गेली. मी न पोहताच घरी आले. बस्स, एवढंच.

बाबा, तुम्ही विचाराल कायदा काय म्हणतो. इथे यूटा राज्यात कायदा जानेवारी २०२४ मध्ये झाला. सरकारी मालकीच्या जागेत कपडे बदलायच्या खोलीत जन्माच्या वेळी जे लिंग नोंदलं असेल त्याप्रमाणेच जायचं. ट्रान्स बाईला, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगा पण बाई म्हणून जगणारीला, बायकांच्या खोलीत जायचं तर शस्त्रक्रियाही झालेली हवी आणि जन्मदाखलाही बदललेला हवा, दोन्ही. म्हणजे लायसन्सचा काही उपयोग नाही. आता दारात उभं राहून हे तपासायचं कुणी? पंचनामा कसा करायचा, पंच कुठून आणायचे? तुम्ही तहसीलमध्ये तीस वर्षं काढलीत, तुम्हीच सांगा. अंगावर ओला टॉवेल असताना दाखला घेऊन कोण फिरतं? माझा तर आईच्या कपाटात आहे, जरीच्या साड्यांखाली, प्लास्टिकच्या पिशवीत. शेवटी उरतो तो चेहरा. ज्याचा चेहरा पटला नाही त्याला हटकायचं. त्यात मीही सापडते, जिचं बारसं तुम्ही पेढे वाटून केलंत.

तक्रारींची गंमत ऐका. १ मे २०२४ ला कायद्याचा अंमलबजावणीचा भाग लागू झाला आणि राज्याच्या ऑडिटरला तक्रारीचा ऑनलाइन फॉर्म उघडावा लागला. आठवडाभरात दहा हजारांवर तक्रारी आल्या, जवळजवळ सगळ्या थट्टेच्या. तेव्हाचे ऑडिटर जॉन डूगल, कायदा करणाऱ्या सत्ताधारी पक्षाचेच, वैतागून म्हणाले की संडासाचा पहारेकरी व्हायला कुणी ऑडिटर होत नाही. नॉर्थ कॅरोलायनाने २०१६ मध्ये असाच कायदा केला होता, त्यात तर शिक्षेचं कलमच नव्हतं. वर्षभरात बराचसा मागे घ्यावा लागला. माणसांची दया आली म्हणून नव्हे हो, बास्केटबॉलचा मोठा सामना आणि कंपन्यांचे रोजगार राज्याबाहेर गेले म्हणून.

आणि आई, ज्या संडासावरून एवढं रामायण, तो कसा असतो ते तर ऐक. दार जमिनीपासून वीतभर वरूनच सुरू होतं. कडेला बोटभर फट. आत बसलेल्या बाईचे बूट, पायाशी गोळा झालेली पँट, सगळं बाहेरून दिसतं. कुठला मोकळा आहे ते बघायला वाकून बूट शोधायचे. फटीतून नजरानजर झाली तर दोघींनी न झाल्यासारखं करायचं. एकदा तर पलीकडची बाई फोनवर कुणाला तरी कोबीची कृती सांगत होती. पाणी नाही, कागद, ते तुला माहीत आहे. एवढा श्रीमंत देश, कायदे करून झाले, पण दाराला खाली एक फळी ठोकायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या लॅबमध्ये एकजण ट्रान्स आहे. मोठ्यांच्या साध्या संडासाला खरं तर हा नियम तसा लागू नाही, फक्त शाळांत आहे, पण ते कुणाला माहीत? ती दिवसभर पाणी पीत नाही. सकाळी भरून ठेवलेली बाटली संध्याकाळी तशीच, गळ्यापर्यंत भरलेली. दुपारी गाडी काढून घरी जाऊन येते. मी तिला टँकवरचं हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

आजी, आपल्या दारात यल्लम्मा देवीची टोपली, तो जग, डोक्यावर घेऊन देवीला सोडलेला जोगता यायचा, लुगडं नेसलेला, कपाळभर भंडारा. तू सुपातून जोंधळे घालायचीस, पाया पडायचीस, तांब्याभर पाणी द्यायचीस. परसातला संडास मागितला असता तर दिला असतास का गं? २०१४ साली सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथी ही वेगळी नोंद मान्य केली, तरी आपल्याकडच्या एसटी स्टँडवर माझ्या आठवणीत पाट्या दोनच. म्हणून इथल्या लोकांना फार नावं ठेवत नाही.

बाबा, मी ऐंशी हजार पाठवलेत. मोतीबिंदूचं दिवाळीनंतर म्हणत होता, दिवाळी होऊन गेली. मी येईपर्यंत थांबू नका. मार्चला नक्की येते असं गेल्या वर्षीही म्हणाले होते, ते लक्षात आहे माझ्या. पण रिसर्च पेपर अडकलाय.

इचलकरंजीच्या स्थळाला जुना, लांब केसांचा फोटो पाठवू नकोस, आई. आत्ताचा पाठव. त्यावर नाही म्हणाले तर म्हणू देत. मुलगा चांगला आहे म्हणतेस, तर बोलेन मी त्याच्याशी, पुढच्या रविवारी. नक्की. तो जन्मदाखला मात्र कुरिअर करू नकोस, हरवेल. मला लागणार नाही.

तुमची,
वैजू

ता. क. भडंग संपलं. सांगणार नव्हते. आणि टँकवर मी अजून गेलेली नाही, पण पास जानेवारीपर्यंत आहे.