फर्स्ट क्लास असून नकार कसा?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलेय. जर्मनीत मानसशास्त्राच्या मास्टर्सला मला प्रवेश नाकारला हे कळल्यावर, बाबा, "फर्स्ट क्लास असून नकार कसा?" हे तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिसऱ्या वेळी मी फोन ठेवून दिला. चुकलंच माझं. पण तुमच्या मनात जे होतं, की तिकडे माझ्या पदवीला काडीची किंमत नाही, तसं नाहीये.

पदवी त्यांना मान्य आहे. अनाबिन म्हणून जर्मनीची एक यादी असते, परदेशी विद्यापीठांची. तिच्यात आपल्या विद्यापीठापुढे 'एच प्लस' आहे, म्हणजे मान्यता आहे. घोडं अडलं ते पुढे. मानसशास्त्राच्या मास्टर्सला पदवी कशातली एवढ्यावर भागत नाही, तीन वर्षांत काय काय शिकलात ते मोजतात, आणि मोजतात तासांत. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास, वर्गातले आणि घरी अभ्यासाचे धरून. वर्षाला ६०, तीन वर्षांना १८०. त्यातले अमुक इतके संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे हवेतच, मानसिक चाचण्यांचे वेगळे. माझी पहिली दोन वर्षं निम्मीअधिक भाषा, समाजशास्त्र, अर्थशास्त्रात गेली. ते सगळं त्यांच्या हिशेबात शून्य.

आणि जे केलंय तेही दिसत नाही, याचा मला खरा राग आहे. गुणपत्रिकेवर 'प्रात्यक्षिक, १०० पैकी ७८' एवढीच ओळ. आत काय होतं, किती तास होतं, कुठेच नाही.

आई, तुला आरशातल्या चांदणीचा प्रयोग आठवतो? हात पुठ्ठ्याआड, बघायचं फक्त आरशात, आणि चांदणीच्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची. आधी डावा हात, मग उजव्यानं सराव, मग पुन्हा डावा. पहिल्याच कोपऱ्यावर तुझी पेन्सिल उलटीकडे गेली आणि तू म्हणालीस, "ही माझं ऐकतच नाही!" वहीत तुझे आकडे आहेत: पहिल्यांदा ३१ चुका, शेवटी १२. एका हाताचा सराव दुसऱ्या हाताच्या कामी येतो, हे बघायचं होतं. मग वर्गातल्या सगळ्यांचे आकडे जमवून टी-चाचणी, म्हणजे फरक खरा की योगायोगाचा हे बघायचा हिशेब, हातानं सोडवली. प्रमाण विचलनात एक वजाबाकी चुकली म्हणून रात्री दोनपर्यंत सगळं पुन्हा केलं. हे संख्याशास्त्र नाही तर काय आहे? पण वही त्यांना चालत नाही. विभागाच्या शिक्क्याचा कागद लागतो.

गुणांचंही ऐका बाबा, हिशेब तुमच्या आवडीचा आहे. तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास. परदेशी गुण बसवायला बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला सर्वाधिक वजा पासापुरते यानं भागायचं, तीननं गुणायचं, एक मिळवायचा. माझे ६८, पासाला ४०, वरचं टोक १००. बत्तीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक: २.६. जागा थोड्या आणि अर्ज भरमसाट, त्यामुळे १ च्या जवळचे आधी आत. आता मला सांगा, मानसशास्त्राच्या पेपरात आपल्याकडे १०० कुणाला पडलेत? पण सूत्राला ते कोण सांगणार.

आई, हे तुझ्यासाठी. मावशीला आणि बाकी सगळ्यांना 'ती तिकडे जाऊन थेरपिस्ट होणार' हे सांगणं आता बंद कर. १ सप्टेंबर २०२० पासून तिथला कायदा बदलला. उपचार करण्याचा परवाना हवा असेल तर मास्टर्स क्लिनिकल आणि मानसोपचाराचंच लागतं, शिवाय पदवीही त्याच साच्यातली, रुग्णांबरोबरच्या प्रत्यक्ष कामासकट. माझी पदवी त्यात बसत नाही. बसवायची म्हणजे जवळजवळ पुन्हा पदवी करायची, आणि सगळं शिक्षण जर्मनमधून. मी ती वाट सोडली आहे. रडून झालंय, काळजी करू नकोस. मला स्मृती आणि आकलनावरच्या संशोधनाचं मास्टर्स करायचंय. लोकांना हे सांगितलंस तर ते 'मग नोकरी कसली?' म्हणतील. तोच प्रश्न मलाही आहे, पण चांदणीच्या त्या ३१ आणि १२ मध्ये मला जी मजा आली ती दुसऱ्या कशात आली नाही.

पैशाचं पटकन सांगते. व्हिसासाठी दाखवायचे ते ११,९०४ युरो म्हणजे फी नाही. ते बंद खात्यात माझ्याच नावावर राहतात आणि महिन्याला ९९२ असे मलाच राहण्याखाण्याला मिळतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नसते. बाडेन-व्युर्टेमबेर्ग युरोपबाहेरच्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं, म्हणून तिथलं हायडेलबर्ग विद्यापीठ यादीतून काढलं. माझी बचत निम्म्याला पुरते. ठेव मोडू नका, बाबा. ती तुमच्या दोघांच्या दुखण्याखुपण्याची आहे आणि मी जवळ नसताना तर ती लागेलच. उरलेल्यासाठी मी एक वर्ष थांबतेय. तेवढ्यात संख्याशास्त्राचा एक रीतसर कोर्स होईल, जर्मनही पुढे सरकेल. काही विद्यापीठं कमी पडलेले क्रेडिट तिथे येऊन भरून काढायच्या अटीवर घेतात, पुढचे अर्ज तिकडेच जास्त. लाइपझिगही आहे यादीत. विल्हेल्म वुंटनं १८७९ साली मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली ते हेच गाव, प्रात्यक्षिकाच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही सगळ्यांनी हेच वाक्य उतरवलेलं. थोडा भाबडेपणा आहे त्यात, असू दे.

बाबा, एक काम आहे, आणि पुन्हा त्याच खिडकीपाशी उभं राहावं लागेल याचं मला वाईट वाटतं. विभागाकडून पत्र हवंय: प्रत्येक पेपरचे आणि प्रात्यक्षिकाचे तास, विषयांच्या नावांसकट, इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी. मागच्या वेळी त्यांनी गुणांचाच दाखला परत दिला होता. या वेळी मजकूर मीच टाइप करून पाठवते, तुम्ही फक्त समोर ठेवा. ऊन असेल तर जाऊ नका, सकाळी लवकर जा, आणि गुडघा दुखत असेल तर मला सांगा, मी रजा काढून येते.

तुमची,
मनू