वाचनालयाच्या बाईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

कर्मवीर जयंतीला आपला सत्कार करावा, असा आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होता. ‘शाल-श्रीफळाचे पैसे वह्यांना लावा’ एवढेच सांगून आपण तो परत पाठवलात. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. ते परत पाठवण्याची सोय नाही, हे एक बरे.

आपल्या सातारा जिल्ह्यात 22 सप्टेंबर कसा साजरा होतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक वर्षे पाहिले आहे. भाऊराव पाटलांच्या तसबिरीला हार घातला जातो, नारळ फुटतो, आणि ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशी सुरुवात करून मुले कुणीतरी लिहून दिलेले भाषण एका दमात म्हणून टाकतात. मध्येच अडले, तर पुन्हा ‘अध्यक्ष महाशय’पासून. यंदा तसे झाले नाही, याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सहावी-सातवीच्या मुलांना आपण वाचनालयात बोलावू लागलात आणि त्यांनी पहिल्यांदा लिहून आणलेल्या कागदांवरची ‘थोर’, ‘महान’, ‘अतुलनीय’, ‘देदीप्यमान’ ही सगळी विशेषणे तांबड्या पेन्सिलीने खोडून टाकलीत. एका मुलाच्या निबंधात तर कर्मवीरांचे नाव आणि जन्मतारीख एवढेच शिल्लक राहिले. ‘आता सांग, त्यांनी केलं काय?’ हा आपला प्रश्न त्यानंतर आमच्या वर्गातही रुळला आहे. मुले तो आता आम्हा शिक्षकांनाही विचारू लागली आहेत, ही गोष्ट वेगळी.

मग टेबलावर विश्वकोशाचे खंड आले, ‘किशोर’चे बांधून घेतलेले जुने अंक आले. रयत शिक्षण संस्था 1919 साली कराडजवळच्या काले गावी स्थापन झाली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले आणि 1927 मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले, हे मुलांनी स्वतः शोधून लिहिले. परंतु त्यांना खरी गोडी लागली ती भाऊरावांच्या फिरतीची. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर खपवण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या या माणसाने शेतकऱ्याचे घर उंबऱ्याच्या आत जाऊन पाहिले होते आणि पुढे त्याच घरातली मुले वसतिगृहात आणली, हा धागा आपण हाती दिल्यावर सातवीतल्या एका मुलीने माळ्यावरून ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील शोधून आणला. काच केव्हाच फुटलेली, पत्रा गंजलेला, तरीही टाकीवरचे नाव बोटाने चाचपून वाचता येत होते. कार्यक्रमाच्या दिवशी तसबिरीसमोर तोच ठेवला होता.

त्याच मुलीने भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर बोलायचे ठरवले. एरवी आमच्या भाषणांत त्या एका वाक्यापुरत्या येतात: वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांनी दागिने विकले आणि अखेरीस मंगळसूत्रही. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत, त्या काळात त्या स्वयंपाकाची आणि त्या घराची जबाबदारी म्हणजे नेमके काय असेल, याचा विचार करायला आपण तिला लावलेत आणि तिचे भाषण त्याच पंगतीभोवती उभे राहिले. माझ्या मते त्या दिवशीचे ते सर्वांत चांगले भाषण होते.

शाहू महाराजांवर लिहिणाऱ्या मुलाला केवळ कोल्हापूरच्या खासबाग मैदानातल्या कुस्त्यांवर लिहायचे होते. आपण त्याला आधी तेवढेच लिहू दिलेत. नंतर हळूच 1917 चा सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा पुढे ठेवलात, ज्यात मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. ‘तेव्हा एक रुपयात काय यायचं?’ हे त्याने विचारले आणि आपण उत्तर न देता त्यालाच कामाला लावलेत. त्याच्या वहीत ज्वारीच्या भावाची आणि मजुरीची टिपणे अजून साठत आहेत. पुण्याच्या भिडेवाड्यातली फुले दांपत्याची मुलींची शाळा काही पुस्तकांत 1 जानेवारी 1848 रोजी, तर काहींत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झाल्याचे आढळले, तेव्हाही ‘दोन्ही लिहा आणि समोर पुस्तकाचं नाव लिहा’ असे आपण सांगितलेत. परीक्षेत एकच उत्तर बरोबर धरण्याची आम्हाला सवय. मुलांना मात्र यात काही अवघड वाटले नाही.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायला हवेत. सहावीतला जो मुलगा जोडाक्षर आले की थांबत असे आणि म्हणून वर्गात वाचायलाच उभा राहत नसे, त्याला आपण फाटक्या पुस्तकांना खळ लावताना शेजारी बसवून मोठ्याने वाचायला लावलेत. ‘माझे हात अडकलेत, तूच वाच’ हे आपले निमित्त त्याला खरे वाटले. तो अडला की आपण मान वर न करता शब्द पुरा करीत होतात. जयंतीच्या दिवशी त्याने ‘कमवा आणि शिका’ या योजनेवरचा परिच्छेद कागदावर पाहून, सावकाश, पण शेवटपर्यंत वाचला. ‘पाहून वाचलं’ म्हणून कुणी नाक मुरडलेही असेल; आम्हा शिक्षकांना त्या परिच्छेदाचे मोल ठाऊक आहे. अनुदानाची वाट पाहणाऱ्या वाचनालयात झेरॉक्सचा खर्च आपण पदरमोड करून केलात, हे मला मुलांकडून उशिरा कळले.

3 जानेवारीच्या सावित्रीबाईंच्या जयंतीसाठी आता पाचवीचा वर्गही येऊ म्हणतो. आपली प्रकृती आणि सवड पाहून शनिवार कळवावा. पाठवताना सोबत एक शिक्षक देईन आणि झेरॉक्सचे पैसे या वेळी शाळा देईल, यावर कृपया वाद नको. ‘किशोर’चे दोन बांधीव खंड अद्याप सातवीकडे आहेत, ते येत्या सोमवारी पोहोचते करते.

आपली नम्र,
मुख्याध्यापिका,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा