नुसती नावं पाठ करून पक्षी कळत नाहीत

मुलांना पक्षी ओळखायला शिकवा, हा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला, पटलाही, पण गाडी नावांवरच थांबू नये असं मनापासून वाटतं. माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टला वहीत पक्ष्यांची चित्रं चिकटवली, खाली ‘कोकिळा गाते’ लिहिलं आणि त्यावर बरोबरची खूण पण मिळाली, खरं तर कुहू कुहू करतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा, आणि मादी तपकिरी, अंगभर ठिपके. यंदा गॅलरीसमोरच्या आंब्यावर कावळ्याचं घरटं होतं, काटक्यांत तारेचे तुकडेसुद्धा अडकवलेले. जूनमध्ये कावळी एका ठिपकेवाल्या पिल्लाला भरवत होती, ते चोच वासून नुसतं ओरडत होतं, तेव्हा लेक म्हणाली, “आई, तिला कळत नाही का गं हे आपलं नाही?” मग कावळ्याच्या घरट्यात घातलेलं कोकिळेचं अंडं बहुतेकदा कावळ्याच्या अंड्यांआधी का फुटतं हे तिने स्वतःच शोधून काढलं. वन्यजीव लेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांच्या जन्मदिवसांमुळे ५ ते १२ नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, त्यात शाळांनी चार्ट नको, रोज पंधरा मिनिटं एकच कावळा नाहीतर साळुंकी बघायला सांगावी आणि त्या पक्ष्याने काय केलं तेवढंच लिहून आणायला सांगावं.

– एक पालक, सातारा